तिसरी पायरी

उद्यमनगरात, लेथच्या वर, लाकडी माळ्यावर
आमची सातवी भरते.
चढायला लोखंडी शिडी. तिसरी पायरी हलते, कण्हते,
हे नव्या पोराला कुणी सांगत नाही.
तीच प्रवेश परीक्षा.

पटावर अकरा. येतात सात.
मार्केट यार्डात गुळाची आवक वाढली की पाच.
दाखले वेगवेगळ्या शाळांचे,
अक्षर मात्र एकाच हाताचं वाटतं:
सतत गैरहजर.
वर्तन असमाधानकारक.
पालकांच्या विनंतीवरून.
‘कुठलं पालक?’ रियाज शिकलगार विचारतो,
आणि शेवटच्या शेऱ्यावर पाणी पिऊन गार झालेली बाटली ठेवतो,
शाई पसरेपर्यंत.

गौतमीच्या बोटांना चामड्याचा वास.
सकाळभर जवाहरनगरात ती चपलांच्या वेण्या घालते,
सात पदरी, न बघता.
अपूर्णांक म्हटलं की भिंतीकडं बघायची.
एकदा मी विचारलं, एका जोडाला वेण्या किती,
वेणीला पैसे किती, मालक कापतो किती?
तिनं तोंडी हिशेब केला. परत केला.
‘बाई, म्हंजे त्यो मला दिवाळीपास्नं फसवतोय की.’
त्या दिवशी पुढचं उदाहरण घेणं
मला जमलं नाही.

चार वाजता खाली लेथ लागतो.
फळ्या थरथरतात, पेटीतले खडू चालायला लागतात,
इतिहास ऐकू येत नाही.
तेव्हा आम्ही गणित करतो.

दशांश शिकवायला
खालून एक जुना व्हर्नियर मागून आणला.
मी आदल्या रात्री पुस्तक वाचून आले होते.
सुजल वडर, दोन महिने ज्यानं ‘हजर’सुद्धा मानेनंच सांगितलेलं,
उठला, माझ्या हातातून तो घेतला,
जबडा मिटवून उजेडात धरला.
‘झिजलाय ह्यो. मिटला तरी शून्यावर येत न्हाई.
आदी त्याची सोताची चूक वजा करायची, बाई,
मग जॉबला लावायचा.’
बसला. पुढं आठवडाभर गप्प.

तेवीस वर्षं मी नगरपालिकेच्या शाळेत मापं घेतली.
लाल शाई माझ्याकडं असायची.
इंद्रजित लोहार, सातवी ब,
महिनाभर गैरहजर, नाव कमी केले.
नियमाप्रमाणं. अक्षर चांगलं आलं होतं,
तेही आठवतं.

हा खालचा लेथ त्याचा.
माळाही त्याचाच. भाडं घेत नाही,
लाईट बिलाचं मात्र निम्मं मागतो, तारखेला.
वर्षभर मी सांगायचं टाळलं,
मग एका दुपारी चहा घेताना सांगून टाकलं.
तो वेस्टनं हात पुसत होता.
‘तुमी व्हय? आठवत न्हाई, बाई.
त्या साली आई सीपीआरला हुती.
परत गेलो तर वर्गात कुणी नावच घेईना.
मला वाटलं, माझ्यापुरती शाळा बंद झाली आसंल.’
आणि त्यानं बटण दाबलं.
मी काय म्हणाले ते लेथमध्ये गेलं.
बरंच झालं. काही बरं बोलले नव्हते.

रियाज एकोणीस दिवस आला नाही.
गंगावेशीत दिसला म्हणे, कुणाच्या तरी गाडीवर मागं.
कुणी म्हणालं, चिठ्ठ्या पोचवतो.
घरी गेले तर चुलती दारातच उभी राहिली,
आत येऊ दिलं नाही, पण माझी छत्री
वाळत घातली.

आज सोमवार. उद्यमनगर बंद.
एवढ्या शांततेत पोरांना शिकायला जड जातं,
सुजल पायानंच लेथचा ताल धरतो.
मी फळ्यावर शेकडेवारी मांडतेय.

खाली शिडी वाजली.
एक. दोन.
तिसरी वाजली नाही.
सरळ चौथी.

नवं कुणी नव्हे.

गौतमीनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं,
शेजारी एका माणसाची जागा झाली.
मी वळले नाही.
हातचा दोन राहिला होता, तो आधी लिहिला.